हजार शेर आणि ९३१ जीबी

मागच्या महिन्यात घरासाठी एक हार्ड डिस्क घेतली, १ टीबीची, ती खिशात मावते तसली. माझं काम लग्नाच्या शूटिंगचं आणि एडिटिंगचं, त्यामुळे स्टुडिओत डिस्कांची चळतच लागलेली असते, पण ही त्यातली नव्हती, ही खास आण्णांसाठी होती. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे एका लोखंडी पेटीत जुने फोटो आहेत, आजीचा एकुलता एक फोटो, दुकानाच्या उद्घाटनाचा, तासगावच्या रथोत्सवाचे काही, आणि ते सगळे नीट स्कॅन करून एका जागी ठेवायचे असं दिवाळीपासून चाललं होतं.

तर डिस्क लावली, विंडोजवर ती दिसली, आणि आण्णा चष्मा सारखा करून स्क्रीनजवळ आले. डब्यावर १ टीबी. स्क्रीनवर ९३१ जीबी. "एक टीबी म्हणजे किती जीबी रे?" मी म्हटलं हजार. "मग हे ६९ कुठं गेले?"

आण्णांनी चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलंय. दरवर्षी काटा पासिंग करून आणायचा, वजनांच्या बुडाला शिशावर मारलेला शिक्का पुसट झाला की स्वतः घेऊन जायचं, हे मी लहानपणापासून बघत आलोय. मापात पाप हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जातो. त्यामुळे ते म्हणाले, "आरं माप कमी भरलंय की हे," तेव्हा ते गंमत करत नव्हते, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं की पोरानं पूर्ण पैसे मोजले आणि माल कमी आला.

मी सवयीनं उत्तर दिलं, फॉरमॅटिंगमध्ये जातं तेवढं. हे उत्तर मी गिऱ्हाइकांना पण वर्षानुवर्षं देत आलोय, आणि दुकानदारानं मला तेच सांगितलं होतं आणि त्यालाही कुणीतरी तेच सांगितलं असणार. आण्णा म्हणाले, "म्हणजे बारदान? बारदानाला शंभरात सात किलो जात नाहीत कधी."

बरोबर होतं त्यांचं. मग मी त्या रात्री बसलो आणि नीट हिशोब केला.

कॉम्प्युटरच्या आत बसवायची एक जुनी १ टीबीची डिस्क माझ्या कपाटात पडून होती, ती काढली. तिच्या लेबलवर बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो, एलबीए असं लिहिलेलं आणि पुढं १९५३५२५१६८. बऱ्याच डिस्कांवर असतो, तुमच्याकडे जुनी असेल तर उलटी करून बघा. हा आकडा म्हणजे डिस्कवरच्या सेक्टरची संख्या, सेक्टर म्हणजे डिस्कवरची सगळ्यात छोटी खोली म्हणा, आणि एका खोलीत ५१२ बाइट मावतात, बाइट म्हणजे साधारण एका इंग्रजी अक्षराएवढी जागा. १९५ कोटी ३५ लाख २५ हजार १६८ गुणिले ५१२. उत्तर येतं १,०००,२०४,८८६,०१६. म्हणजे एक लाख कोटी बाइट पूर्ण, आणि वर २० कोटी ४८ लाख ८६ हजार १६ जास्तीचे. आण्णा ज्वारी मोजून झाली की वर एक मूठ टाकायचे ना, तशी ही वरची मूठ आहे. कंपनीनं माप कमी दिलेलं नाहीच, थोडं जास्तच दिलंय.

आता हाच आकडा घ्या आणि त्याला १००० ऐवजी १०२४ ने भागा, तीनदा. पहिल्या भागाकाराला ९७,६७,६२,५८४ केबी, दुसऱ्याला ९,५३,८६९ एमबी आणि तिसऱ्याला ९३१ जीबी. आला की नाही तोच आकडा? एक बाइट कुठं गेला नाही. माल तेवढाच आहे, काटा वेगळा आहे.

सकाळी चहाच्या वेळी मी हे आण्णांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं कागद बघितला आणि म्हणाले, "म्हणजे शेर आणि किलो."

मी म्हटलं कसं काय?

"पक्का शेर ८० तोळ्यांचा. ग्रॅममध्ये धरला तर ९३३ ग्रॅम. हजार शेर ज्वारी किलोच्या काट्यावर टाकली तर किती भरंल? ९३३ किलो. आणि गिऱ्हाईक म्हणंल ६७ किलो चोरले."

मला खरं सांगतो अंगावर काटा आला, कारण नंतर मी गुणाकार करून बघितला. एक तोळा ११.६६४ ग्रॅम, ८० तोळे म्हणजे ९३३ ग्रॅमच्या किंचित वर. आणि हजार कंपनीवाले जीबी विंडोजच्या काट्यावर ९३१. दोन्हीत फक्त दोनाचा फरक! योगायोगच आहे हा, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण इतकी वर्षं मला जे कुणी समजावून सांगू शकलं नाही ते ज्या माणसानं कधी फोल्डर उघडला नाही त्यानं एका वाक्यात सांगितलं.

तर मूळ गोष्ट अशी की किलो म्हणजे हजार. किलोमीटर, किलोग्रॅम, सगळीकडे हजार. मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी, टेरा म्हणजे लाख कोटी. मग हे १०२४ आलं कुठून? ते आलं रॅममधून. कॉम्प्युटरची मेमरी जी असते तिच्यातल्या प्रत्येक खणाला पत्ता लागतो आणि तो पत्ता तारांवरून जातो, तारेत वीज आहे किंवा नाही, दोनच शक्यता. एक तार असेल तर दोन खण, दोन तारा असतील तर चार, तीन असतील तर आठ, असं दुप्पट दुप्पट करत दहा तारांना १०२४ खण होतात. मेमरी बनवणाऱ्याला ९०० किंवा १००० खणांचा चिप बनवण्यात काही अर्थ नसतो, तारा फुकट जातात. आणि १०२४ हे हजाराच्या इतकं जवळ आहे की लोकांनी त्याला सरळ किलो म्हणायला सुरुवात केली. तेव्हा मेमरीच एवढीशी होती की हजारामागे २४ चा फरक कुणाला जाणवत नव्हता.

दुप्पट दुप्पट हे तर आपल्याकडे पण होतंच. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी, दोन अडशेऱ्यांची पायली. माप अर्धं करायला सोपं, पाटी-पेन्सिल लागत नाही. १६ पायल्यांचा कैली मण, म्हणजे मापानं भरायचा, ६४ शेर, पण वजनाचा मण म्हटला की ४० शेर. नाव मणच. आण्णा सांगतात त्यांच्या वडिलांच्या वेळी नुसतं मण म्हणून चालायचं नाही, कसला मण ते पहिलं विचारायचे आणि मग सौदा. लांब कशाला जायचं, सोन्याचा तोळा घ्या. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि आज सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम. आईच्या जुन्या पाटल्या चार तोळ्यांच्या आहेत असं घरात सगळे म्हणतात आणि आजच्या तोळ्यात त्या साडेचारच्या वर भरतात.

डिस्कची गोष्ट मात्र मेमरीसारखी नाही. डिस्कमध्ये गोल चकत्या असतात, चकतीवर गोल गोल ट्रॅक असतात, ट्रॅकवर सेक्टर. किती चकत्या बसवायच्या, किती ट्रॅक आखायचे, ते बनवणाऱ्याच्या कारागिरीवर, तिथं दुप्पट दुप्पटीचा काही नियम नाही. म्हणून डिस्कवाले पहिल्यापासून साध्या दशमानात मोजत आलेत. आयबीएमनं १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, रामॅक नावाच्या मशीनबरोबर, तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, जेवणाच्या ताटाच्या दुप्पट एकेक, आणि सगळं मिळून ५० लाख अक्षरं मावायची. ५० लाख, सरळ आकडा. आज माझा कॅमेरा एक रॉ फोटो, म्हणजे न दाबलेली मूळ फाइल, काढतो तो त्या अख्ख्या मशीनमध्ये मावला नसता.

आणि १९५६ हे साल मला फार आवडायला लागलंय. त्याच वर्षी आयबीएममधल्याच वर्नर बुखहोल्झ या माणसानं बाइट हा शब्द काढला. आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे वजन-मापांचा कायदा झाला, ज्यानं शेर, मण, तोळा जाऊन किलो-ग्रॅम यायला सुरुवात झाली. एकाच वर्षी तिकडं नवीन माप जन्माला आलं आणि इकडं जुनी मापं बंद करायचं ठरलं.

१ एप्रिल १९५७ ला पैसे बदलले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. त्या दिवसापासून रुपयाचे १००. आण्णा तेव्हा शाळेत होते आणि त्यांना आठवतंय की एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि हा जो सव्वाचा पाव तुकडा त्यावरून दुकानात रोज वाद. दोन्ही नाणी एकदम चालू होती. पण सरकारनं एक काम शहाणपणाचं केलं, नाण्यावर नुसतं पैसा लिहिलं नाही, नया पैसा लिहिलं. बघितलं की कळायचं हा ६४ वाला नाही, १०० वाला आहे. १९६४ मध्ये लोकांना सवय झाली तेव्हा तो नया शब्द काढून टाकला. सात वर्षं दोन वेगळी नावं वापरली आणि प्रश्न मिटला.

कॉम्प्युटरमध्ये नेमकं हेच करायचा प्रयत्न झाला, पण उशिरा. १९९८ च्या शेवटी आयईसी म्हणजे विजेच्या वस्तूंची मानकं ठरवणारी जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे तिनं १०२४ वाल्या मापांना वेगळी नावं दिली. किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट, टेबीबाइट. किलो मेगा गिगा टेरा हे हजारवाले आणि किबी मेबी गिबी टेबी हे १०२४ वाले. नावं ऐकायला बाळाला हाक मारल्यासारखी वाटतात हे मला मान्य आहे, पण नावं बरोबर आहेत आणि ती वापरली असती तर आमच्या घरात तो वाद झालाच नसता. विंडोज आजही १०२४ ने भागतं आणि पुढं जीबी लिहितं. म्हणजे किलोच्या काट्यावर मोजायचं आणि पावतीवर शेर लिहायचं. माझं स्पष्ट मत आहे की चूक तिथं आहे, डिस्कच्या डब्यावर नाही. डब्यावर तर बारीक अक्षरात छापलेलं पण असतं की १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट.

अ‍ॅपलनं २००९ मध्ये मॅकसाठी स्नो लेपर्ड ही नवी सिस्टिम आणली तेव्हा बदल केला, तेव्हापासून मॅकवर १ टीबीची डिस्क १ टीबीच दिसते. माझ्याकडे स्टुडिओत विंडोजचा पीसी आहे आणि बाहेर जायला मॅकबुक, आण्णांना मी तीच डिस्क दोन्हीला लावून दाखवली. इकडं ९३१ जीबी, तिकडं १ टीबी. डिस्क तीच, वायर तीच. ते हसले आणि म्हणाले आता पटलं.

अमेरिकेत तर यावरून कोर्टकज्जे झाले. २००७ मध्ये सीगेट या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं तडजोडीत किमतीच्या ५ टक्के परत द्यायचं कबूल केलं. तिथल्या गिऱ्हाइकांना पण आण्णांसारखंच वाटलं होतं की माप मारलं. राग समजतो मला त्यांचा, कारण स्क्रीनवर जे दिसतं त्यावर माणूस विश्वास ठेवणारच.

आता मला याचा स्वतःला कसा फटका बसला ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मिरजेतलं एक लग्न होतं, सगळं मटेरियल तयार झालं, फोल्डरवर राइट क्लिक करून बघितलं तर ६१ जीबी. म्हटलं ६४ चा पेनड्राइव्ह घेऊ, तीन जीबी शिल्लक राहतात. लाकडी डबीतला पेनड्राइव्ह मागवला, त्यावर नवरानवरीचं नाव कोरून घेतलं, त्याला चार दिवस गेले, आणि देण्याच्या आदल्या रात्री कॉपीला लावला तर जागा नाही. ६१ हे विंडोजचे जीबी होते, डब्याच्या भाषेत ते साडेपासष्ट होतात. आणि ६४ च्या पेनड्राइव्हमध्ये विंडोजच्या काट्यानं ५९.६ भरतात, प्रत्यक्षात त्याहूनही थोडे कमी. रात्री दोन वाजता मी हळदीच्या व्हिडिओची क्वालिटी कमी करून पुन्हा एक्सपोर्टला लावला. त्या नवरीच्या आजीनं हळदीत ओवी म्हटली होती, सगळ्यात सुंदर भाग तोच होता, आणि नेमका तोच मला दाबून बसवावा लागला. हे अजून मनात आहे. नंतर मी त्यांना मूळ क्वालिटीची फाइल वेगळी नेऊन दिली पण ती डबी दिली तेव्हा त्यात ती नव्हती.

तेव्हापासून माझा नियम म्हणजे डब्यावरच्या जीबीला ०.९३ ने गुणायचं आणि त्यातूनही थोडं सोडायचं. १२८ चा असेल तर ११९, २५६ चा असेल तर २३८. टीबीत मोजायचं असेल तर ०.९१, म्हणजे २ टीबीची डिस्क १.८२ च्या आसपास दिसते, ४ ची ३.६४ च्या. टीबीला फरक जास्त का, तर हे चक्रवाढ व्याजासारखं आहे. केबीला २.४ टक्के, त्यावर पुन्हा तेवढंच म्हणून एमबीला पावणेपाचच्या वर, जीबीला ७.४, टीबीला जवळजवळ १०. फ्लॉपीच्या काळात कुणी भांडलं नाही कारण फरक चिमूटभर होता, आता पोती कमी दिसतात.

फ्लॉपीवरून आठवलं, ती साडेतीन इंची फ्लॉपी १.४४ एमबीची होती ना, तिच्यात तर दोन्ही मापांची खिचडी आहे. दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, ट्रॅकवर १८ सेक्टर, सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट. हजारानं दोनदा भागलं तर १.४७, १०२४ ने दोनदा भागलं तर १.४१. मग १.४४ आलं कसं? एकदा १०२४ ने आणि एकदा १००० ने भागलं! सगळ्या जगानं वीस-पंचवीस वर्षं जो आकडा तोंडपाठ केला तो कुठल्याच काट्यावरचा नाही. मी हे पहिल्यांदा स्वतः करून बघितलं तेव्हा विश्वास बसला नाही म्हणून परत केलं. आणि सीडी-डीव्हीडीचं पण बघा, आम्ही कॅसेट सोडून डीव्हीडीवर आलो तेव्हा ७०० एमबीची सीडी १०२४ वाल्या मापानं आणि ४.७ जीबीची डीव्हीडी १००० वाल्या. एकाच दुकानात, एकाच फळीवर. डीव्हीडी बर्न करताना ४.३८ च्या वर गेलं की अडायचं हे त्या काळात काम केलेल्या प्रत्येकाला पाठ आहे, पण का ते कुणी विचारलं नाही.

एसएसडीत अजून एक वेगळी गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात छान वाटते. एसएसडी आणि पेनड्राइव्हच्या आत फिरणारी चकती नसते, फ्लॅशच्या चिप असतात, आणि चिप मेमरीच्याच जातीच्या म्हणून त्या बहुतेक दुप्पट दुप्पट मापातच येतात. बऱ्याच २५६ जीबीच्या एसएसडीत आत चिप असतात २५६ गिबीच्या, पण विकताना २५६ जीबी म्हणून विकतात. मग मधले सात टक्के कुठं जातात? ते डिस्क स्वतःसाठी राखून ठेवते. फ्लॅशचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच लिहिता येतो, काही कप्पे तर कारखान्यातूनच खराब येतात, तेव्हा एखादा कप्पा मेला की त्याच्या जागी या राखीव साठ्यातला घेतला जातो आणि आपल्याला कळत पण नाही. बियाण्याला ठेवलेल्या धान्यासारखं, खायचं नाही ते.

बाकी दोन-तीन गोष्टी पटकन सांगतो कारण लोक मला नेहमी विचारतात. पेनड्राइव्ह रिकामा आहे तरी मोठी फाइल जात नाही, तर तो बहुतेक फॅट ३२ फॉरमॅटचा असतो, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, एक्सफॅट करून घ्या, टीव्हीला चालतो का ते मात्र आधी बघा. दुसरं, फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये साइज आणि साइज ऑन डिस्क असे दोन आकडे येतात, कारण जागा ४ केबीच्या खोक्यात वाटली जाते, चार ओळींची फाइल असली तरी साधारणपणे अख्खं खोकं तिचं. आणि तिसरं, नेटचा स्पीड बिटमध्ये असतो आणि फाइल बाइटमध्ये, ८ बिटचा एक बाइट. १०० एमबीपीएसचं कनेक्शन म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी. ते साडेपासष्ट जीबीचं लग्न पाठवायला पूर्ण स्पीड मिळाला तरी जवळजवळ दीड तास, आणि पूर्ण स्पीड कधी मिळतो!

मराठीचं पण एक सांगून टाकतो. आता सगळीकडे जे युनिकोड चालतं, यूटीएफ-८, त्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीला तीन. काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकाचे वेगळे तीन. मराठी हा शब्द लिहायला म, र, काना, ठ, वेलांटी असे पाच मिळून १५ बाइट. लोक म्हणतात मराठीत फाइलनेम देऊ नका, जागा जास्त लागते. द्या हो खुशाल. हे सगळं मी आत्ता लिहितोय ते चाळीस-पन्नास केबीच्या आसपास भरेल, माझा एक रॉ फोटो २५ एमबीचा असतो. आण्णांच्या फोटोंना मी मराठीतच नावं दिलीत, कोण उभं आहे, कुठं, कुठलं साल, सगळं.

आता खरं मापातलं पाप कशाला म्हणतात ते सांगतो, कारण ते बघितलं तेव्हापासून मला वाटतंय की लोक ६९ जीबीवरून भांडतात आणि इथं फसतात. माझ्याकडे एक मुलगा आला, लग्नाचं मटेरियल घ्यायला स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊन. २ टीबीचा, ऑनलाइन घेतलेला, काही शे रुपयांत. विंडोजला लावला तर १.८१ टीबी दाखवला, म्हणजे हिशोब अगदी बरोबर. कॉपी पण झालं. घरी जाऊन त्यानं फोन केला, दादा फाइल उघडत नाहीत. मी म्हटलं परत आण. फोल्डर दिसत होते, फाइलची नावं दिसत होती, साइज बरोबर, आणि उघडलं की काही नाही, काळा चौकोन.

त्यात असतं काय, की पेनड्राइव्हच्या आत चिप असते ३२ किंवा ६४ जीबीची आणि तिला सांभाळणारा जो कंट्रोलर असतो त्याला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटरनं विचारलं किती जागा, तर तो सांगतो २ टीबी. आपण भरत जातो, खरी जागा संपली की तो पुढचा डेटा टाकून देतो किंवा आधीच्याच डेटावर लिहितो, आणि कॉम्प्युटरला सांगतो की हो लिहिलं. फाइलच्या नावांची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते म्हणून नावं शाबूत राहतात. तळ नसलेली पायली. वरून ओतत राहा, भरतच नाही.

लग्नाचं माझ्याकडे होतं, मी दुसऱ्या ड्राइव्हवर दिलं. पण त्या मुलानं त्याच पेनड्राइव्हवर फोनमधले व्हिडिओ पण टाकले होते आणि फोन भरला म्हणून तिथून डिलीट केले होते. त्यात त्याच्या आजोबांचा एक व्हिडिओ होता, बैलांना पोळ्याला सजवताना, आजोबा त्यानंतर दोन महिन्यांनी गेले. मी दोन रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून रात्रभर प्रयत्न केला. जिथं लिहिलंच गेलं नाही तिथून काढणार काय. तो माझ्या टेबलासमोर बसून त्या फाइलच्या नावाकडे बघत होता, व्हिडिओचं नाव होतं, तारीख होती, ८४ एमबी लिहिलेलं होतं.

म्हणून आता माझ्याकडे कुठलाही नवीन ड्राइव्ह आला, अगदी मोठ्या नावाचा आला तरी, पहिलं काम म्हणजे तो पूर्ण भरून बघायचा. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे विंडोजसाठी, मॅक आणि लिनक्सवर एफ-थ्री आहे. हे काय करतं तर ड्राइव्ह शेवटपर्यंत लिहून भरतं आणि मग सगळं परत वाचून लिहिलं होतं तेच आलं का ते तपासतं. वेळ लागतो, मोठ्या डिस्कला रात्र जाते, पण तोपर्यंत त्यावर आपलं काही ठेवायचं नाही. आण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले आम्ही पण नवीन माप आलं की आधी पाणी भरून बघायचो.

आण्णांची डिस्क मी अशीच भरून तपासली, पास झाली. आजीचा फोटो पहिला स्कॅन केला, १२०० डीपीआयवर, डाव्या कोपऱ्यात वाळवीनं खाल्लेला भाग आहे तो तसाच ठेवला कारण आण्णा म्हणाले राहू दे. आत्तापर्यंत २१४ फोटो झालेत, साधारण ३० जीबी, आणि तेच सगळं स्टुडिओतल्या दुसऱ्या डिस्कवर पण ठेवलंय. डिस्कवर आण्णांनी पांढरी चिकटपट्टी लावली आणि मार्करनं त्यांच्या त्या दुकानाच्या वहीतल्या अक्षरात लिहिलं, १ टीबी, विंडोजच्या काट्यावर ९३१. पुढच्या आठवड्यात इचलकरंजीचं दोन दिवसांचं लग्न आहे, त्यासाठी ४ टीबीची मागवलीय, तिची पट्टी त्यांनी आजच लिहून ठेवलीय, ३.६४.